पडदा काढल्यावर काय झालं, वैशू

प्रिय वैशू,

आज तलासरीत तुझ्या मिरचीवाल्या लोकांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की वैशाली मॅडमचा अंदाज चुकला होता. माइक हातात घेऊन! तू गेल्यानंतर तुझ्याबद्दल चारचौघांत बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. शोकसभेत तर मी नुसत्या खुर्च्या मांडत होते. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला मीच कळवावं.

चिडलीस? आधी पूर्ण ऐकून तर घे. तशी तू कधी कुणाचं पूर्ण ऐकलंस म्हणा!

गंजाडला माझ्या भावाच्या मिरचीवर मर आली, ते आठवतं? सकाळी टवटवीत दिसणारं झाड दुपारी मान टाकायचं आणि पुन्हा उठायचंच नाही. एका कोपऱ्यातली थोडी झाडं मात्र तगली होती. बाकी सगळे मेलेल्या झाडांकडे बघत होते आणि तू त्या जिवंत झाडांच्या मुळाशी बसलीस. तिथली माती डब्यात भरून डहाणूला आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणलीस आणि तिच्यातून एक जिवाणू वेगळा काढलास. काचेच्या बशीत तो आणि मरीचा जंतू एकत्र वाढवले, तर मरीचा जंतू साफ! तू मला खांद्याला धरून हलवलंस. "मंगल, याला मी सोडणार नाही आता."

पण तो मारतो कसा? इथून आपलं भांडण जुंपलं. तू म्हणायचीस, तो पाण्यात विष सोडतो. ते विष गाळून घ्यायचं, बाटलीत भरायचं, शेतात ओतायचं. मी म्हणायचे, नाही, तो शेजारी जाऊन, चिकटून मारतो. मग जिवाणू वाढवलेलं पाणी आपण गाळलं आणि नुसतं ते पाणी मरीच्या जंतूवर टाकलं. काही झालं नाही. मला वाटलं, चला, संपला वाद.

तू कसली गप्प बसतेस! "अगं, हे पाणी एकट्यानं राहिलेल्या जिवाणूचं आहे. समोर दुश्मनच नसेल तर तो हत्यार काढेल कशाला? दोघांना जिवंत, एकाच पाण्यात ठेवायला पाहिजे. एकमेकांची चाहूल लागेल, पण हात पोचणार नाही, असं."

मुद्दा बिनतोड होता. मला राग आला होता, तरी मान्य करावा लागला.

मग ते भांडं जन्माला आलं. काचेच्या दोन बुटक्या नळ्या, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या, आणि मध्ये अगदी बारीक छिद्रांचा पडदा. पाण्यात विरघळलेलं सगळं इकडून तिकडे जाईल, जिवाणू मात्र अडेल. असली भांडी तयार मिळतात, पण तुला आपल्या मापाचंच हवं होतं. नळ्या घट्ट धरणारी स्टीलची कडी सरावली गावात तुझ्या पप्पांनी करून दिली. दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कोरणारा माणूस, त्यांना हे काम नवीनच. "पाणी गळणार नाय, एवढी गॅरंटी माझी," ते म्हणाले, "आतमध्ये कोण कोणाला मारतो ते तुम्ही दोघी बघा."

किती खूश होतीस त्या दिवशी! एका बाजूला लाल रंग टाकलास, तो हळूहळू दुसऱ्या बाजूला पसरला. मग एका बाजूला जिवाणू सोडलास. ती बाजू दुधासारखी गढूळ झाली, दुसरी नितळच राहिली. पडदा चोख होता.

आणि तेवढ्यावर तू तलासरीला जाऊन त्या लोकांना सांगून आलीस, की पुढच्या लागवडीला बाटलीतलं औषध येणार! अगं, खरा प्रयोग तर अजून व्हायचा होता. इतकी घाई कसली होती तुला?

घाई कसली होती ते नंतर कळलं. दुखणं तुला कधीच कळलं होतं आणि तू आम्हाला ॲसिडिटी म्हणून सांगत राहिलीस. वैशू, जिवाणूंबद्दल एवढं भांडलीस माझ्याशी, आणि ही एक गोष्ट सांगावीशी वाटली नाही? याचा राग अजून गेलेला नाही माझा. जाईल असं वाटतही नाही.

तू गेलीस आणि मी ते भांडं कपाटात ठेवून दिलं. उघडायचं मन होईना. पण रोपं टाकायचे दिवस जवळ आले तसे तलासरीहून फोन सुरू झाले. "मॅडमचं औषध कधी येणार?" तिथल्या सुंदरकाकी तर रोज. तू बोलून गेली होतीस, उत्तर मला द्यायचं होतं. मी कपाट उघडलं.

पडद्याच्या एका बाजूला आपला जिवाणू, दुसऱ्या बाजूला मरीचा. दोघं जिवंत, पाणी एक, खाणंही एकच. नंतर मरीच्या बाजूचा थेंब बशीवर पसरला आणि वाट पाहिली. बशी उघडताना खरं सांगू? तू जिंकावंस असंच मला वाटत होतं. तर बशीभर मधोमध गुलाबी असलेले पांढरे ठिपके! मरीचा जंतू मजेत वाढला होता. चाहूल लागूनही आपल्या पठ्ठ्यानं काही केलं नव्हतं.

मग पडदा काढला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. या वेळी बशीवर गुलाबी ठिपका शोधून सापडेना. मेलेला जिवाणू टाकून पाहिला, तर मरीच्या जंतूला काही झालं नाही. मी पुन्हा पुन्हा केलं, पडदे बदलले, बाजू बदलल्या. उत्तर तेच आलं. तो जिवंत लागतो आणि जवळ लागतो, वैशू. बाटलीत भरण्यासारखं विष नाहीच!

तलासरीला जायच्या आधी मी पप्पांकडे गेले. त्यांच्या मुलीचं चुकलं होतं, हे त्यांनी लोकांच्या गर्दीत ऐकू नये, असं वाटलं. सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कानस पुसून ठेवली. मग विचारलं, "भांडं गळलं का?"

"नाही, पप्पा."

"मग बोल बिनधास्त. मी पण येतो."

आले, आणि पुढच्याच खुर्चीत बसले. मी बाटली येणार नाही म्हटल्यावर मांडवात कुजबुज झाली. सुंदरकाकी उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे मॅडम आमाला खोटं बोलली?"

"नाही, काकी. तिला जे वाटलं ते ती बोलली. ते खरं आहे की नाही, हे बघायचं भांडंही तिनंच केलं. त्यानंच मला सांगितलं, की नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. जिवंत जिवाणू मुळाला चिकटायला हवा. लावणीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवायची."

"ते नसतं कळलं तर?"

"तर मी आज तुम्हाला बाटल्या वाटल्या असत्या, आणि झाडं मेलीच असती."

काकींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बरं केलंन मॅडमनी. आमच्या अर्ध्या वाफ्याला लाव. अर्धा तसाच ठेव. मग बघू."

ऐकलंस? अर्धा वाफा तसाच! तुलनेसाठी मला मागावा लागेल असं वाटत होतं, आणि काकींनी आपणहून दिला. पप्पा हसले. तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तू जिंकली असतीस तर जास्त आनंद झाला असता, हे कबूल. पण माझी खात्री आहे, हे उत्तर बघून तू पाच मिनिटं फुगून बसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "चिकटतो तो नेमका कशानं?"

त्याच्या मागे मी लागलेच आहे. आणि एक शब्द देते. बशीतलं आणि मातीतलं जग वेगळं असतं, हे आपल्या दोघींना माहीत आहे. काकींच्या वाफ्यात बुडवलेली रोपंही मेली, तर मी गप्प बसणार नाही. त्याच मांडवात उभी राहीन आणि आज तुझं नाव घेतलं तितक्याच मोठ्यानं माझं नाव घेऊन सांगेन, की मंगलचं चुकलं. पण मला नाही वाटत तशी वेळ येईल. परवा लावणी आहे, आणि मी रोपांसाठी जिवाणू वाढवायला निघाले आहे.

तुझीच भांडखोर,
मंगल