धवल्याचे आकडे

आत्याबाई, काल नातीच्या दप्तरात एक कागद सापडला. चार आडव्या रेघा आणि त्यांवर नुसते आकडे. तो तिच्यापुढं धरला. म्हटलं, "खरं सांग, हा मटक्याचा आकडा लावतेस?" तर खदखदून हसली. "आज्जी, गिटारचं आहे गं. चार रेघा म्हणजे चार तारा, आकडा म्हणजे कुठल्या घरात बोट ठेवायचं ते." तिची गिटार जाड तारांची, वाजली की आपल्या पोटात घुमते. मीही हसले, पण मग लक्षात आलं, मी अगदी तुमच्यासारखी बोलले. सून शेवटी सासूवर जाते म्हणतात, ते खोटं नाही बघा.

शेजारच्या इस्रायली बाई आठवतात ना, आपल्याच गावातल्या ज्यू, शाळेत शिकवायच्या त्या? शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, आणि खोबऱ्याच्या करंज्या अशा करायच्या की... असो, ते राहू दे. त्यांच्याकडे बँजो होता, टाइपरायटरसारख्या बटणांचा, बटणांवर आकडे. माझी शाळा तिसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की घाम फुटायचा, पण आकडे चटचट कळायचे. बाई गाणं आकड्यांत लिहून द्यायच्या, मी एका हातानं तारा छेडत बटणं दाबत जायची, आणि गाणं आपलं आपण बाहेर यायचं! देश सोडून इस्रायलला गेल्या तेव्हा बँजो मलाच देऊन गेल्या. तुम्ही म्हणालात, "फुकट कोन देतं? काय तरी हाय त्यात."

तुमचा संशय उगाच नव्हता. सासऱ्यांनी आकडा लावायच्या नादात होडी घालवली होती. त्यामुळे तांदळाच्या डब्यात आकड्यांची चिठ्ठी सापडली आणि तुमचा डोळा माझ्यावरून हलेना. विहिरीवर गेले तर तुम्ही मागे. दूधवाला दाराशी थांबला तर तुमची नजर त्याच्या खिशावर. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी दारात आडव्या उभ्या राहिलात.

"कुनाकडं लावतंस आकडा? सांग, नायतर आत्ता चिरनेरला बापाकडं नेऊन टाकीन."

"आत्याबाई, गाणं आहे ते."

"आकड्यांचा कवा गाना असतं? मना शिकवतंस?"

"थांबा, वाजवून दाखवते."

"तू नको. तुजा पाठ असंल. मी वाजवतंय."

आता आली का पंचाईत! चिठ्ठीवर कुठलं गाणं आहे ते मलाच ठाऊक. तुम्ही पदर खोचून बसता, चिठ्ठी गुडघ्याखाली दाबता, जाड बोटानं आकड्याला आकडा जुळवत एकेक बटण शोधता नि तार छेडता. दोन ओळी होतात नि बोट थांबतं. तुमचाच हळदीला गायचा धवला! पंचक्रोशीतली धवलारीण तुम्ही. तुम्ही गायल्याशिवाय कुणाचं लग्न उभं राहत नसे, पण धवले सख्ख्या सुनेलाही शिकवत नव्हतात. जात्यावर गुणगुणायचात, मी भाकरी थापता थापता ऐकायची, आणि तुम्ही बाजारात गेलात की एकेक बटण चाचपत आकडे मांडायची.

"चोरटे!" म्हणालात. आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागलात. मग तिसऱ्यांदा. मग मान वर न करता म्हणालात, "हितं चुकलंस. हितं आवाज वर चढतं."

चिरनेरचं नाव परत निघालं नाही. उठताना मात्र वळून विचारलंत, "अजून किती लिवलंस?"

"हा एकच," मी म्हटलं.

तुमचा काही विश्वास बसला नाही. पुढं किती वर्षं डबे उपसलेत, माझी ट्रंक उलटीपालटी केलीत, देव्हाऱ्यामागं हात घालून पाहिलंत. तुम्ही गेलात तिकडं हे पत्र टाकायला पेटी कुठली, म्हणून इथंच सांगते. अकरा धवले लिहिले होते. बाकीचे दहा तुमच्याच उशीच्या कापसात होते, आणि दर दिवाळीला ती उशी मीच उसवून परत भरत होते.