चुण्यांच्या कापडाचा झंपर

आई, आज शहापूरच्या माझ्या दुकानात खर्डीची एक बाई आली. चाळिशीसुद्धा गाठली नसेल. उभ्या उभ्या तिनं डाव्या बाजूला पदर दोनदा ओढला, आणि मला कळलं. तूही तसाच ओढायचीस. पिशवीतून तिनं कापड काढलं तर तेही चुण्यांचं. बारीक, कायमच्या दाबलेल्या चुण्या, ताणलं की उघडतात, सोडलं की मिटतात. "दोन टेलरांनी परत दिलं, ताई. बेतता येत नाय म्हणतात," ती म्हणाली. मी कापडावर हात ठेवला आणि तुझं तसलंच कापड आठवलं.

छातीचं ऑपरेशन होऊन मुरबाडला आलीस आणि मशीनवर जी चादर टाकलीस ती काढलीच नाहीस. जन्मभर गावातल्या बायकांची ब्लाऊजं शिवली तुझ्या हातांनी, आणि आता तुझं एकही तुला अंगात घालवेना. डावीकडे ते पोकळ राही, वळ्या पडत. बाबांचा जुना शर्ट घालून वरून पदर घ्यायचीस. म्हशाच्या जत्रेचं निघालं तेव्हा म्हणालीस, "औंदा नको गो. बायका तोंडाकडं नाय बघत आता, छातीकडं बघतात." त्याच आठवड्यात मी कल्याणहून ते चुण्यांचं कापड आणलं, पिकल्या करवंदाच्या रंगाचं. त्याचं काय शिवतात हे मला ठाऊक नव्हतं. रंग तुला शोभेल एवढंच वाटलं.

अजून दिसतं मला, स्वयंपाकघरात तू भिंतीला टेकून बसलीयस, मी समोर खाकी कागद पसरलाय. मी कटोरी ब्लाऊजचा बेत काढलाय, डावीकडे आतून कापूस भरायचा, म्हणजे कुणाला कळणार नाही. तू कापड मांडीवर घेतेस. किती दिवसांनी तुझी बोटं कापडावरून फिरताना बघतेय मी.

"कटोरी नको. टक्स घातलेस तर चुण्या फुगतील, पोत्यावानी दिसल. ह्याला खांद्यावरनं सरळ सोड. आजीच्या वक्ताचा झंपर बेत, पुढं एक तुकडा, मागं एक."

"मग कापूस कुठं बसवू?"

"बसवू नको."

"आई, दिसेल गं."

"दिसू दे. जिथं हाय तिथं चुण्या उघडतील, जिथं नाय तिथं मिटून राहतील. कापडाला समजतं, तुला का नाय समजत?"

एवढं बोललीस आणि त्याच कापडात तोंड घातलंस. ऑपरेशननंतर तुला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. उठून जवळ यावं की तिथंच बसून राहावं, कळेना. मग तूच डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "कात्री लावायच्या आधी चुण्यांवरनं आडवा कच्चा टाका घाल, नायतर कापड पळंल." चादर काढून मी मशीनवर बसले. खांदे ओघळू नयेत म्हणून आतून सुती पट्टी लावायला लावलीस. एकदा उसवायलाही लावलंस.

म्हशाला तू आलीस. बैलांच्या बाजारातून माझा हात धरून चाललीस, बांगड्या भरल्यास, उसाचा रस मागून घेतलास. आपल्या आळीतल्या एकीनं विचारलं, "झंपर कुठनं घेतलास गो?" तर पदर बाजूला करून दाखवलास तिला. "पोरीनं शिवला." शिमग्याच्या आधी तू गेलीस. बायकांनी नवी साडी आणली, नवं ब्लाऊज आणलं, मोठ्या मायेनं तुला नेसवलं. ते ब्लाऊज तुला बसत नव्हतं, आई. डावीकडे वळ्या पडल्या होत्या. झंपर घाला तिला, एवढे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. अजून कुणाचं माप घेताना मधेच ते डोळ्यांसमोर येतं आणि टेप हातात तसाच राहतो.

आज त्या बाईला मी तोच बेत सांगितला. कापूस नको म्हटल्यावर तिनं हळूच पदर सोडला आणि ती माप देऊ लागली. जाताना तिनं विचारलं, "कुणी शिकवलं, ताई?"

"आईनं."

"असतात का अजून?"

"मुरबाडला असते," मी म्हणाले.

"माझा नमस्कार सांगा त्यांना."

म्हणून हे पत्र लिहायला बसले. टाकायला पत्ता नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण नमस्कार तेवढा पोचवते. खोटं बोलले मी, आई. आणि झंपर न्यायला येईल तेव्हा तिनं तुझी चौकशी केली, तर बरी आहे म्हणून सांगणार आहे.