रामप्रसाद जिवंत आहे

जालना
४ ऑगस्ट २०२५

ती. साधनाताईस,
मच्छिंद्रचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तापतो आणि मधेच कट करतो, म्हणून इथून पुढं पत्रातच बोलायचं, असा तुझा हुकूम. घे मंग.

आमच्या इचरज वाहिनीला पंचवीस वर्षं झाली. भागचंद शेठनी तिचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर टाकलंय. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला इतिहासकार करणारी जिल्ह्यातली ही एकमेव संस्था. शेठ म्हणतात, जनसेवेसाठी काढली असं लिही. खरं म्हणजे त्यांना आपल्या दुकानातल्या बियाण्याच्या जाहिराती फुकट दाखवायच्या होत्या. गच्चीवर बायकोचे, इचरजबाईंचे, पापड वाळायचे. त्या डिश लावू देईनात. मंग वाहिनीलाच त्यांचं नाव दिलं आणि पापड खाली उतरले. बातम्या शेठ स्वतः दुकानात बसून वाचायचे. गिऱ्हाईक आलं की पालकमंत्र्यांचा दौरा थांबवून सरकीची पिशवी काढून द्यायचे. सगळं लाइव्ह. पुढं रेडिओ काढला, तेव्हा आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या गाद्या ठोकल्या. पाहुणे मुक्कामाला आले की आजही दोन काढून नेतात आणि त्या दिवशी रेडिओ विहिरीतून बोलल्यासारखा येतो.

माझं रोजचं काम टीव्हीच्या खालच्या पट्टीचं. वाढदिवसाचा फोटो आला तर फुगे, निधनाचा आला तर हार. दर सारखाच.

आणि त्या गाद्यांच्या खोलीत सकाळी सहाला आकांक्षा फर्माइशी वाचते. टेंभुर्णीहून कडूबा आणि परिवार, एवढं ती म्हणाली तरी मला कडूबाचा राग येतो. तिला तुमच्या आष्टीचा कोणी रामप्रसाद पाहून गेला. जमलं म्हणे. मी अजून तिला काहीच बोललो न्हाई. डोकं फिरून राह्यलंय. जल्दी लिही.

तुझ्या हातचा मार खाऊन वाढलेला,
मच्छिंद्र


आष्टी
११ ऑगस्ट २०२५

चि. मच्छिंद्रास,
अनेक आशीर्वाद, सोबत दोन रट्टे.

शेठच्या बातम्या लागल्या की आई डोक्यावर पदर घ्यायची, आठवतं का? मी हसले तर म्हणाली, दुकानात त्यांच्यासमोर घेते, मंग ते घरात आल्यावर का नको? हे घाल तुझ्या इतिहासात.

रामप्रसाद आमच्याच गल्लीतला. खताबियाण्याचं दुकान आहे. तुझ्यासाठी खोट काढायला बसले, पण काही सापडलं न्हाई. तू आकांक्षाला सरळ विचार. न्हाई म्हणाली तर इकडं ये, भाकरी खा, झोप. डोकं फिरवून काही करू नको. सरांशी भांडून तू कॉलेज सोडलंस. सर अजून शिकवूनच राह्यलेत.

तुझी, माया जास्त आणि भरवसा कमी असलेली,
ताई


आष्टी
२० ऑगस्ट २०२५

मच्छिंद्रा,
आशीर्वाद उरले तर शेवटी देईन.

परवा दुपारी तुमच्या पट्टीवर रामप्रसादचा फोटो. फोटोला हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मी साडी बदलली आणि रडत त्याच्या घरी गेले. अर्धी आष्टी दारात आल्ती. दार उघडलं रामप्रसादनं, आणि त्याच्या मिशीला केक! वाढदिवस होता त्याचा. शुभेच्छांसाठी फोटो त्यानंच तुमच्याकडं धाडला होता. तो बिचारा हसला, रडणाऱ्यांनाही केक वाटला.

त्याची आई कांताबाई मात्र हसली न्हाई. सोयरीक जमून महिना झाला न्हाई तर पोराच्या फोटोला हार पडला, पोरगी पांढऱ्या पायाची आहे, असं म्हणून तिनं सोयरीक मोडली. झालं तुझ्या मनासारखं? बोभाटा आकांक्षाचा होऊन राह्यलाय, तुझा न्हाई. तुमचे शेठ म्हणतात, मशीनची चूक. मशीनला माझ्या गल्लीतला रामप्रसादच बराबर सापडला होय?

पहिल्या गाडीनं ये आणि कांताबाईसमोर उभा राहा. तोवर मला फोन करू नको आणि पत्रही लिहू नको.

आशीर्वाद उरले न्हाईत.
ताई


जालना
७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कांताबाईची चप्पल कुठं बसली ते तू पाहिलंच. पाठ बरी आहे. पुढचं ऐक.

तो हार मीच मुद्दाम घातला, हे मी कबूल केल्यावर मायलेक स्वतः जालन्याला आकांक्षाच्या घरी आले, आमची चूक झाली म्हणाले, सोयरीक पुन्हा जोडू म्हणाले. आकांक्षानं बिलकुल नकार दिला. टीव्हीची पट्टी पाहून जे घर माझे पाय तपासतं, तिथं मी नांदणार न्हाई, असं तोंडावर सांगितलं. मी त्यांच्या मागोमाग जाऊन तिच्या जिन्यातच उभा होतो. माझं काळीज उड्या मारायला लागलं. तिनं तिथूनच मलाही ऐकवलं, की त्यांनी नुसती पट्टी वाचली, तू तर लिहिलीस. तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई.

शेठनी मला काढलं. चूक केली म्हणून न्हाई, कबूल केली म्हणून. पंचवीस वर्षांत वाहिनीनं एकही चूक मान्य केली न्हाई, तू सगळा इतिहास बिघडवलास, म्हणाले.

आता मी रोज सहाला उठतो. तिच्या कार्यक्रमाला रोज फर्माइश धाडतो. ती सगळी नावं वाचते, माझं सोडून. आज टेंभुर्णी झाली, जांब समर्थ झालं, मंग जालन्याहून म्हणाली आणि थांबली. माझं नाव गिळलं, गाणं लावलं. पण ताई, गिळताना ती हसली. रेडिओवर हसू दिसत न्हाई, पण मला बराबर ऐकू आलं.

चपलेचा विषय सोडून लोभ ठेव.

तुझा, उद्याची फर्माइश आजच धाडलेला,
मच्छिंद्र