तुझ्या बकरीचं बोलावणं

माय, आज नातीने शाळेतला प्रश्न विचारला. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, मग शेळी काय करते? मी म्हटलं, बें बें करते. ती खूश होऊन खेळायला पळाली आणि मी इथे, देवपूरच्या स्वयंपाकघरात, कणीक तशीच सोडून बसले. तू एवढ्या उत्तरावर मला सोडलं नसतंस. पारोळ्याकडच्या आपल्या घरात भाकरी थापता थापता तू नुसत्या आवाजावरून अंगणातलं सांगायचीस. "तिले भूक लागनी, म्हनीसन वरडस. ती दुसरी पिल्लूले बलावस." भुकेली वरडते, पिल्लू दिसेनासं झालं की बोलावते, आणि पिल्लू विकलं की रडते. मेंढ्यांचं मात्र तुला कौतुक नव्हतं, त्या सगळ्या एकीमागे एक ओरडणाऱ्या. "एक बोंबलनी का बठ्ठ्या बोंबलतस," म्हणायचीस, आणि वर आत्यांकडे बघून हसायचीस.

तू गेलीस त्या आठवड्यात काळी बकरी कुणालाच कासेला हात लावू देईना. शेजारची काकू म्हणाली, "तुन्ही मायनं लुगडं नेस, मंग दूध दी ती." आपल्याकडे असं करतातच, जनावर वासावर भुलतं. तुझं हिरवं लुगडं नेसून मी धारेला बसले. बकरीने पदर हुंगला, उभी राहिली, पहिली धार भांड्यात वाजली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती ओरडली. ते भुकेचं ओरडणं नव्हतं, ती तुला बोलावत होती. मी तुझ्यासारखं "काय व माय" म्हणून पाहिलं, तर ती बिचकून मागे सरली. भांडं लवंडलं, आणि तोवर डोळ्यांतून टिपूस न काढलेली मी तिथेच मातीत बसून मोठमोठ्याने रडले.

पुढे काही दिवस ती दाराकडे तोंड करून बोलावत राहिली. मग एका सकाळी गप्प झाली. पाला खाऊ लागली, माझ्या साध्या साडीतही दूध देऊ लागली. मला तिचा इतका राग आला! एवढ्यात विसरलीस, म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले. वहिनी म्हणाली, "जाऊ दे, मुकं जनावर शे." तू असतीस तर ह्या 'मुकं'वर वहिनीची काही खैर नव्हती.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते. तुझे शब्द मला सगळे आठवतात, माय, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. तुझा आवाज कसा होता, ते आता मला आठवत नाही.