वैष्णवीची झोप

यवतमाळ, ३ डिसेंबर २०२४

चि. वैष्णवीस सप्रेम जय भीम.

तुमच्या घरचा फोन सदा बंद, म्हणून कागद काढला. तुझा बाप परवा येऊन गेला. म्हणाला, पोरगी कॉलेजात डुलक्या घेते, कबड्डी सोडली, अंगानं सुटली. मी सारी नोकरी पोरींना कवायत शिकवण्यात घालवली. आळस मला लांबूनच ओळखू येतो. रात्री लवकर झोप, पहाटे धावायला जा. तब्येत राहील आणि आईसारखी होणार नाहीस.

तब्येतीला जप, आत्याला विसरू नको.
तुझी आत्या रुखमा

बाभुळगाव, ९ डिसेंबर

ती. आत्याबाईस सविनय जय भीम.

तुमचं पत्र उभ्यानं वाचलं. बसली असती तर डोळा लागला असता.

फोन काहून बंद असते, हे बाबांनी सांगितलं नसेल. आईले वाटते, त्यातून कोणी तिचं बोलणं ऐकून राह्यलं. रात्री ती कडी काढून रस्त्यानं निघते, म्हणून मी तिचा पदर मनगटाले बांधून पडते. बाबा आतल्या खोलीत घोरतात. त्यांचा व्यायाम रोज नियमित आहे.

धावायचं म्हणाल तर धावतेच. मागच्या आठवड्यात आईच्या मागं बसस्टँडपर्यंत अनवाणी धावली. तुम्ही असत्या तर खूश होऊन शिट्टी वाजवली असती. कबड्डी मी सोडली नाही, मॅडमनं काढलं. चढाईले गेली अन् पेंगली.

आईसारखी होण्याचं भेव मलेही आहे. ते तुम्ही कायले लिहिलं?

राग धरू नका, जीव लावत जा.
तुमची वैष्णवी

यवतमाळ, १४ डिसेंबर

चि. वैष्णवीस सप्रेम जय भीम.

आधी तुझा राग आला, मग तुझ्या बापाचा. तुझ्या आईबद्दल, दीपाबद्दल विचारलं की म्हणायचा, जरा गरम डोक्याची आहे. ती आईसारखी होण्याची ओळ खोडून टाक.

पुढच्या रविवारी येते. दीपाला इथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आणू. तुझ्या बापाला, बळीरामला सांग, त्याची खाट बायकोजवळ टाकायची आहे. आता कवायत त्याची.

तोवर माया धरून राहा.
आत्या

बाभुळगाव, ३० जानेवारी २०२५

ती. आत्याबाईस सविनय जय भीम.

तुम्ही गेल्यापासून आईजवळ बाबा झोपतात. आठवड्यातच डोळे लाल झाले. पानठेल्यावर सांगत होते, संसार लई कठीण आहे. त्यांले पहाटे धावायले जा म्हणून अजून कोणी सांगितलं नाही.

डॉक्टरच्या गोळ्यांनी आईचे हात थरथरतात, एखाद्या दिवशी गोळी थुंकते. फोन बंदच आहे. पण रात्री बाहेर निघत नाही. मॅडमनं मले परत घेतलं, राखीव म्हणून. संध्याकाळी मैदानावर धावते, कोणाच्याच मागं नाही.

रविवारी जेवून पडली ते दिवे लागले तरी उठली नाही. जाग आली तं आई उशाशी बसून माझं कपाळ चाचपून पाहत होती. बाबांले म्हणे, पोरगी एवढी कायले झोपते, इले डॉक्टरले दाखवा, हे लक्षण काही बरं नाही.

मी कूस बदलली अन् पुन्हा झोपली.

अशीच माया राहू द्या.
तुमची वैष्णवी