आक्काला न झालेल्या मुलीचा मुलगा

॥ श्री ॥

पडघा,
ता. १७ नोव्हेंबर १९७४

ती. रंगूआक्कास धाकट्या नामाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. हॉटेल चालतं आहे, गुडघा चालत नाही. पत्रास कारण की १ डिसेंबरला, रविवारी, तुमच्या नारपोलीच्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा सुरू होते आहे आणि पहिलाच सामना पडघा विरुद्ध नारपोली. गेल्या वर्षी आपण तीनदा भिडलो, तिन्ही वेळा बरोबरी, आणि शेवटी नाणं उडवून चषक तुम्ही नेलात. ते नाणं अजून माझ्या घशात अडकलं आहे. फुटबॉल पायानं खेळतात की खिशातल्या चिल्लरीनं?

यंदा मात्र पडघा दोन गोलांनी जिंकणार. कारण तुमचा गोलकीपर म्हणजे तुझा नातू मोरू. लूमवर बारा-बारा तासांची शिफ्ट करून तो दोन खांबांच्या मध्ये उभ्या उभ्या झोपतो. हे मी हॉटेलात टेकणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला सांगतो आणि ते पोट धरून हसतात. तू रागावू नकोस. रागावलीस तर लगेच कळव, म्हणजे निदान तुझं पत्र येईल.

लोभ आहे तसाच ठेव, सामना होईपर्यंत तरी.

तुझा,
नामा

॥ श्री ॥

नारपोली, भिवंडी,
ता. २१ नोव्हेंबर १९७४

चि. नामास रंगूआक्काचे आशीर्वाद, पण या खेपेला अर्धेच.

तुझं पत्र चंद्रानं वाचून दाखवलं. हसत हसत वाचलं, सख्ख्या भावाची, मोरूची थट्टा आहे आणि कार्टी हसते, म्हणून तिलाही बोलणी बसली. आता मी सांगते आणि ती लिहिते आहे. शिव्या गाळते, त्या तू आपल्या आपण भरून घे.

मोरू झोपतो म्हणे. अरे, चाळीस लूम एकदम खडखडत असताना ज्याला एक तुटलेला धागा दिसतो, त्याला तुमचा भोपळ्याएवढा चेंडू दिसणार नाही? तुमची पोरं चांगली आहेत, ते मी नाकारत नाही. तुमचा दौलत डावीकडून सुटतो तेव्हा आमच्याकडच्या बाया पदर तोंडात धरतात. पण सगळ्यांना ओलांडून आला तरी शेवटी मोरू उभा आहे. माझं भाकीत लिहून ठेव, मला लिहिता येत नाही म्हणून तूच लिही: त्याच्या हातून एकही चेंडू आत जाणार नाही. गेला, तर यंदा आपण वज्रेश्वरीला जाऊ तेव्हा एसटीतून उतरल्यापासून गरम पाण्याच्या कुंडापर्यंत तुझं गाठोडं मी डोक्यावर वाहीन. नाही गेला, तर माझं तू. गुडघ्याची सबब चालणार नाही.

परवा आमच्या क्रीडा मंडळाचे चिटणीस शरच्चंद्र घरी आले होते. यंदा नियम केला आहे की खेळणारा त्या गावचा हवा, नाहीतर त्या गावातल्या घरचा नातू किंवा भाचा हवा, आणि घरातल्या मोठ्या माणसानं तसं लिहून द्यायचं. मोरूचा कागद आहे म्हणाले. मी तांदूळ पाखडत होते, चंद्रा शाळेत. हात पुसून अंगठा दिला. तीन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाऊन गेले.

उरलेले आशीर्वाद माफी मागितल्यावर.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥

पडघा,
ता. २५ नोव्हेंबर १९७४

ती. रंगूआक्कास सा. न. वि. वि.

आक्का, तुला मुलगी कधी झाली? मला बारशाला बोलावलं नाहीस.

थट्टा बाजूला ठेवतो. पडघ्याच्या संघाचा चिटणीस म्हणून काल भिवंडीत सगळ्यांचे कागद तपासायला बसलो होतो. नारपोलीचा गोलकीपर: अनंता, राहणार मुंबई, रंगूबाईच्या मुलीचा मुलगा. खाली तुझा अंगठा. मोरूचं नाव कुठेच नाही. मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की समोरचा चहा तसाच राहिला. म्हाताऱ्या बाईला वाचता येत नाही म्हणून तिच्याच अंगठ्यानं तिच्याच नातवाची जागा काढून घ्यायची?

शरच्चंद्रांना कोपऱ्यात घेऊन विचारलं. म्हणाले, आमचा गोली उभ्यानं झोपतो अशी हमरस्त्यावर सगळीकडे चर्चा आहे, पहिल्याच दिवशी शोभा नको. आक्का, ती चर्चा माझी. ती पडघ्याहून ट्रकांत बसून नारपोलीला आली. मी कान धरतो.

आता मी तक्रार केली तर नारपोली बाद आणि आम्ही न खेळता पुढे. आमची पोरं म्हणतात, करा. पण नाण्यानं हरलो ते पुरे झालं, मला कागदानं जिंकायचं नाही. शिवाय चारचौघांत तुझा अंगठा खोटा ठरेल. शनिवारपर्यंत थांबतो. काय करू सांग.

लोभाला पात्र राहिलो असलो तर असू दे.

अपराधी,
नामा

॥ श्री ॥

नारपोली, भिवंडी,
ता. ३० नोव्हेंबर १९७४

चि. नामास आक्काचे आशीर्वाद.

पोस्टानं उशीर होईल म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. तक्रार करू नकोस.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मोरू तिथंच होता. खेळायचे बूट पुसून ठेवले होते, ते उचलून माळ्यावर टाकले. मला जाळलं ते त्यानं. तुझा हिशोब वज्रेश्वरीला करेन, आधी शरच्चंद्रांचा.

काल तो मुंबईचा पोरगा आला. मी मंडळात निरोप धाडला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा: माझा नातू गावात आला आणि आजीच्या पाया पडला नाही, ही कुठली रीत? धाडावा लागला की रे त्यांना. पोरगा वाकून पाया पडला. दुपारचं जेवायला वाढलं आणि विचारलं, बाळा, माझ्या मुलीचं नाव काय? हातातला घास ताटात ठेवून त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याला सांगितलं होतं की नारपोलीच्या गोलीचा हात मोडला आहे. तेवढ्यात मोरू ड्युटीवरून आला आणि दोन्ही हातांनी हंडा उचलून आत घेऊन गेला. अनंतानं ते दोन्ही हात पाहिले. मग म्हणाला, आजी, मीही गोली आहे, धडधाकट माणसाच्या जागेवर मी उभा राहणार नाही.

तासाभरानं शरच्चंद्र धावत आले. मंडळाची अब्रू, गावाची अब्रू, सगळं सांगून झालं. मी म्हटलं, कागदावर अंगठा माझा हाय, नातू माझा हाय, मी त्याला खेळू देत न्हाय, तू मधी कोण? आजी न्हाय म्हणतोस, तर चल, हा अंगठा तू कसा घेतलास ते पंचांना सांगू. चंद्राला म्हटलं, हे असंच लिही, शुद्ध करू नकोस.

बसले मग खाली. जुना कागद फाडला, मोरूचा नवा लिहिला. भाकरी मागितली नाही, मीही विचारलं नाही. त्यांच्याकडूनच खाली नारपोलीच्या वतीनं आणखी एक ओळ लिहून घेतली: बरोबरी झाली तर नाणं उडवायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचं. ती तुझ्यासाठी. तू कागदानं जिंकायला नाही म्हणालास, तेवढ्यापुरता तू माझा भाऊ.

मोरूनं बूट माळ्यावरून काढले आहेत. अनंता थांबला आहे, उद्या माझ्या शेजारी बसून सामना बघेल. मला मुलगी झाली नाही, तरी मुलीकडचा नातू भाकऱ्या बऱ्या खातो. दौलतला सांग, डावीकडून खुशाल ये, मोरू जागा आहे. माझं भाकीत तेच. गाठोडं जड बांधणार आहे.

नव्या कागदावर अंगठा दिला, पण चंद्राकडून दोनदा वाचून घेऊन. हे पत्रही दोनदा वाचून घेतलं आहे. आता खाली टेकवते.

रंगूआक्का
(अंगठा)