गाडी उत्तम आहे

शनिवार, दुपार

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (साष्टांगच लिहिणार होते, पण या पंधरवड्यात तो दोनदा रस्त्याला घालून झाला आहे आणि कोपर अजून सुकलेलं नाही. तेव्हा तुम्हाला वाकूनच. समजून घ्याल.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा? हे नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही. डावं आणि उजवं हाच सध्या माझ्या आयुष्यातला मुख्य प्रश्न होऊन बसला आहे, तो कसा ते पुढे येईलच. मामींचा खोकला गेला असेल. इकडे सर्व ठीक. ‘सर्व’ हा शब्द लिहून मी जरा थांबले, कारण तपासून पाहिला तर तो भरत नाही. इकडे बरंचसं ठीक, असं वाचावं.

पत्राला कारणं दोन आहेत. एक आता सांगते, दुसरं धीर होईल तसं. तुम्हाला माहीतच आहे की मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे आणि दुकानदारांचे काटे दहा ग्रॅमने जरी चुकले तरी चार प्रतींत लिहून घेते. आमच्या इथे आता दोनच जागा उरल्या आहेत. एक, शहराबाहेरच्या वस्त्यांची फेरी, ज्यात रोज संध्याकाळी घरी येता येतं. दुसरी, मुख्यालयाची प्रयोगशाळा, बसने नऊ तासांवर, तीन वर्षांसाठी. लेकीची शाळेची शेवटची दोन वर्षं आहेत, आणि मी दोन दिवस घरात नसले तर तुमच्या जावयांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. फेरी मिळायला अट एकच, मोटारसायकल चालवता आली पाहिजे. अर्जावर तसा प्रश्न होता, पुढे दोन चौकोन होते, आणि मी ‘हो’च्या चौकोनात खूण केली. खूण करताना हात जरासुद्धा कापला नाही, हेच मला नंतर खटकलं. मध्ये थोडा खंड पडला होता, इतकंच. आता सोमवारी अकरा वाजता वाहन विभागाचे साहेब डेपोच्या आवारात माझी परीक्षा घेणार आहेत. नापास झाले तर मंगळवारी प्रयोगशाळेचा आदेश निघेल.

तर मी नवी मोटारसायकल घेतली. तुम्ही दिलेली जुनी असताना नवी कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर या पत्रात आहे. (कुठे आहे ते अजून ठरलं नाही.) दुकानातल्या विक्रेत्याने आधी मुलगा किती वर्षांचा आहे असं विचारलं. मला मुलगी आहे म्हटल्यावर तो फिकट रंगाच्या गाड्यांकडे वळला. गाडी माझ्यासाठी हवी आहे हे सांगितल्यावर त्याने मला खुर्ची आणि पाणी दिलं. मग म्हणाला, “मॅडम, ही गाडी स्वतःच सगळं बघते. तुम्ही फक्त बसायचं.” हे वाक्य मी रोजनिशीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे, कारण ग्राहकाची दिशाभूल म्हणजे काय याचं इतकं स्वच्छ उदाहरण नोकरीतही मिळालं नव्हतं.

मामा, तुमच्या गाडीला गिअर उजव्या पायाशी होता आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर उचलायचा, बाकीचे खाली दाबायचे. तुम्ही मला हे इतकं पक्कं शिकवलंत की माझं डोकं कॉलेजात गेलं तरी पाय तुमच्याच शाळेत राहिले. आता सगळ्या गाड्यांना गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असतो. (कोणी ठरवलं, मला विचारलं का, वगैरे मी मनात विचारून झाले आहे.) परिणाम असा, की वेग वाढवायचा म्हणून मी उजवा पाय दाबते आणि गाडी थांबते. थांबायचं म्हणून डावा दाबते, तर गाडी एक गिअर खाली उतरून अशी किंचाळते की रस्त्यावरची माणसं माझ्याकडे न बघता गाडीकडे कळवळून बघतात. मी उपाय म्हणून डाव्या बुटावर खडूने ‘गिअर’ आणि उजव्यावर ‘ब्रेक’ लिहिलं. ते पुसायचं विसरून एका धान्याच्या दुकानात तपासणीला गेले. दुकानदार सबंध वेळ खाली मान घालून उभा होता. मला वाटलं अपराधी आहे, काटा तीनदा तपासला. तो बिचारा वाचत होता.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच राहीना. किक नाही, नुसतं बटण आहे, हे मी सोडून दिलं. (किकमध्ये निदान आपण काहीतरी केलं असं वाटायचं.) बटण दाबलं की सुरू व्हायची, आणि गिअर टाकला की एखाद्या मानी माणसासारखी एकदम गप्प. अकरा वेळा केलं. बाल्कनीतून तुमचे जावई प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन बघत होते आणि दर वेळी “झालं काय?” विचारत होते, जसं काही मला कळलं असतं तर मी त्यांच्यापासून लपवलं असतं. शेवटी गाडी ढकलत दीड किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. नवी गाडी बिघडलेली दिली म्हणून तक्रारीचा मजकूर वाटेत मनात तयार केला, चार प्रतींचा. तिथला मेकॅनिक कोणाशी तरी फोनवर बोलत होता. बोलणं न थांबवता त्याने बुटाच्या टोकाने गाडीचा साइड स्टँड वर उचलला, बटण दाबलं, गिअर टाकला, गाडी दोन हात पुढे नेऊन दाखवली आणि परत आणून ठेवली. स्टँड खाली असेल तर इंजिन बंद पडतं म्हणे, आपल्याच भल्यासाठी. मी त्याचे आभार मानले. त्याने फोन कानापासून दूर न करता मान हलवली. माझ्या आयुष्यातला इतका अपमान इतक्या कमी वेळात कोणी केलेला नव्हता, आणि त्याला तो केल्याचं माहीतही नव्हतं.

दिव्याचं तर विचारूच नका. दिवसाढवळ्या पुढचा दिवा लागलेलाच असतो. समोरून येणारा प्रत्येक भला माणूस हाताची मूठ उघडमीट करून खुणावतो, बाई, दिवा चालू राहिलाय. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना मान लववून धन्यवाद देत गेले आणि अंगठ्याने बटण शोधत राहिले. त्या शोधात हॉर्न वाजला, इंडिकेटर लागला, आणि समोरच्या पडद्यावर एकूण किती किलोमीटर झाले ते दिसलं. (साडेतीन.) संध्याकाळी लेकीने माहितीपुस्तक वाचून सांगितलं, “आई, त्याला बटणच नाहीये. तो बंद होतच नाही.” तेव्हापासून खुणावणाऱ्या माणसांना काय उत्तर द्यावं ते मला कळेनासं झालं आहे. थांबून समजावणं शक्य नाही, कारण मी थांबायला गेले तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. म्हणून अजूनही धन्यवादच देते. हे खोटं आहे का, याचा निकाल लागलेला नाही.

पहिला साष्टांग घरासमोर झाला, गाडी पूर्ण थांबलेली असताना. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उभी होते, मग नव्हते. दुसरा नेमका एका किराणा दुकानासमोर. या दुकानदाराचं पाव किलोचं वजन मी मागच्याच महिन्यात जप्त केलं होतं. वळणावर कुत्रं आडवं आलं, माझा डावा पाय सवयीने ब्रेककडे गेला, गाडीने आचका दिला आणि आम्ही दोघी वाळूत. (कुत्रं बसून बघत होतं.) दुकानदार गल्ल्यावरून उठला, शांतपणे आला, आधी मला उठवलं, मग एका दमात गाडी उचलली. मी म्हटलं, “अहो, सांभाळून, जड आहे.” तो म्हणाला, “दीडशे किलो असंल मॅडम. काट्यावर घेऊन दाखवू का?” मग त्याने खुर्ची आणली, कोपरावर हळद की काय ती लावायला बायकोला हाक मारली, आणि माझ्यादेखत दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना बजावलं, कोणी हसायचं नाही. त्याचा चांगुलपणा मला इतका लागला की घरी येऊन जप्तीचा पंचनामा पुन्हा काढून वाचला. वजन अकरा ग्रॅमने कमीच होतं. काय करणार.

आता बरं चालतंय, हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही काळजी कराल. गेल्या चार दिवसांत पाय एकदाच चुकला. चढावर थांबून पुन्हा निघता येतं. परवा जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली टकटक झालं तेव्हा काहीतरी तुटलं म्हणून उतरून गाडीखाली वाकून पाहिलं, पण चाक अडकू नये म्हणून ती गाडीच करते म्हणे. मात्र काल शेवटच्या वस्तीच्या पुढे, रिकाम्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, मी पायांचा विचार करत नाही आहे हे अचानक लक्षात आलं. वारा हेल्मेटमध्ये शिरत होता. मी बावीस वर्षांची नव्हते, तसं काही वाटलंही नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई दुपारी चार वाजता बरं वाटून घेत होती. मग लगेच विचार करायला लागले आणि गिअर चुकला.

परीक्षेच्या भीतीने रोज पहाटे जाग येते. पण मला सोमवारची जेवढी धास्ती आहे, त्याहून तुमची जास्त आहे. ती का, हे लिहायला जागा उरलेली नाही. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. — जागा आहे. पाठपोट लिहिते. अर्जात आणखी एक रकाना होता, अनुभवाची खात्री देऊ शकेल अशा व्यक्तीचं नाव आणि फोन. मला मोटारसायकलवर पाहिलेलं आणि चांगलं बोलेल असं माणूस तुमच्याशिवाय कोणी सुचेना. साहेब सोमवारी साडेदहाला तुम्हाला फोन करतील. तुम्ही अभिमानाने सांगाल, की भाचीला पहिली नोकरी लागली तेव्हा मी माझी गाडी तिला दिली, आणि बावीस वर्षं ती चालवते आहे. तुमच्या बाजूने त्यात काहीच खोटं नसेल.

ता. क. दुसरा — मामा, गाडी मी विकली. सोळा वर्षांपूर्वी. लेकीच्या वेळी सातवा महिना होता, जिन्याखाली जागा पाळण्याच्या सामानाला हवी होती, आणि पुढल्या वर्षी दुसरी घेऊ असं ठरलं होतं. वर ‘थोडा खंड’ लिहिला आहे तो सोळा वर्षांचा समजावा. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराने घेतली. तुम्हाला दर पत्रात मी ‘गाडी उत्तम आहे’ असं लिहीत आले. ते खोटं नव्हतं. गाडी उत्तमच होती, रोज बघत होते, फक्त सुताराकडे होती. भेटायला येताना मी दर खेपेला बसने का येते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. गाडी कशी आहे असं विचारता, आणि उत्तर ऐकायच्या आधी चहा ठेवायला आत जाता. हे सांगायला मी या आठवड्यात तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा तुमच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. माझी खरी विनंती एवढीच, की साहेबांना, तुम्हाला माहीत आहे तेच सांगा, पण आता जे माहीत झालं ते.

ता. क. तिसरा, रविवार सकाळ — पत्र काल टपालपेटीपर्यंत नेलं. पेटीच्या तोंडाशी हात गेला आणि लक्षात आलं, शनिवारी टाकलेलं पत्र तुम्हाला मंगळवारी मिळणार. फोन सोमवारी. म्हणजे माझी कबुलीही देऊन झाली असती, आणि तुमची खात्रीही मिळून गेली असती. हे मी मुद्दाम केलं नाही, असं स्वतःला छातीठोकपणे सांगायला गेले आणि जमलं नाही. काट्याला बोट लावणाऱ्या दुकानदाराचं ‘चुकून लागलं’ मी आजवर कधी मान्य केलेलं नाही.

म्हणून पत्र घेऊन मीच येते आहे. शेहेचाळीस किलोमीटर आहेत, मध्ये दोन पूल आणि एक घाट. बसने यावं असं तुमच्या जावयांचं मत होतं. ते स्वतः बसने येत आहेत, पेटी घेऊन.

हे तुमच्या हातात असेल तर मी पोहोचले आहे. पाकीट दाराखालून सरकवून फाटकाबाहेर उभी आहे, आणि तुमचं वाचून होईपर्यंत आत येणार नाही. साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मलाही काय सांगायचं ते ठरवा. (पुढचं फाटकाशी लिहिते आहे.) फक्त तुमच्या फाटकासमोर उतार आहे हे मी विसरले होते, गाडीचं तोंड खाली आहे, चाकाखाली दगड लावला आहे आणि स्टँडवर माझा विश्वास नाही. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण आधी येऊन गाडीला मागून धरा.